गुड नीट!

नोव्हेंबर १९४१. युद्ध ऐन भरात. बीबीसीवर मध्यरात्रीच्या बातम्या संपल्या आणि निवेदकाने निरोप घेतला : सगळ्यांना गुड नाइट, आणि उत्तरेकडच्या मंडळींना, जिथे कुठे असाल तिथे, 'गुड नीट'! उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'नाइट'चं 'नीट' होतं.

हा विल्फ्रेड पिकल्स. जन्म १९०४, यॉर्कशायरमधलं हॅलिफॅक्स. आधी बांधकामाचं काम, सोबत हौशी नाटकं, मग मँचेस्टरहून रेडिओ. तिथून थेट लंडनला, राष्ट्रीय बातम्या वाचायला.

तोवर बीबीसीचा आवाज म्हणजे दक्षिणेकडच्या महागड्या निवासी शाळांत घडलेला आवाज. शब्द कसे उच्चारायचे हे ठरवायला १९२६ मध्येच समिती नेमली होती, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष आणि त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. निवेदक निनावी असत. १९४० पासून ते नाव सांगू लागले, तेही एवढ्यासाठी की जर्मनांनी खोट्या बातम्या घुसवल्या तर लोकांना आपला माणूस आवाजावरून ओळखता यावा. पिकल्सला आणण्यामागेही हाच हिशोब होता असं सांगतात. यॉर्कशायरचा हेल जर्मनांना जमणं कठीण.

आणि तरी तक्रारींची पत्रं आली. अशा उच्चारात वाचलेल्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की पिकल्स बातम्या बोलीत वाचतच नव्हता. शुद्ध, व्याकरणशुद्ध इंग्रजी. फक्त 'लाफ', 'बाथ' यांतला 'आ' तो आखूड काढायचा, उत्तरेत काढतात तसा. एका स्वरावरून माणसाच्या खरेपणाबद्दल शंका! काही महिन्यांतच तो राष्ट्रीय बातम्यांतून बाहेर पडला.

आमच्या घरी, अकोल्याकडे, 'पानी' म्हणतात. 'शाळा'ला आजी 'शाया' म्हणायची. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत दुष्काळावर बोललो होतो. विहिरीचा तळ, टँकरची रांग, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. परीक्षकांनी नंतर बोलावून सांगितलं, विषय छान मांडलास, पण 'पानी'चे गुण कापलेत. त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक 'ण' मनात तपासतो. अजूनही. म्हणून या परक्या माणसाची गोष्ट मला परकी वाटत नाही. बातमी खरी आहे का हे ती कुणी, कशी तपासली यावर ठरतं, वाचणारा 'ण' म्हणतो की 'न' यावर नाही.

पिकल्स गप्प बसला नाही, हे मात्र फार आवडतं. १९४६ मध्ये त्याचा 'हॅव अ गो' हा रेडिओवरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला. गावोगावची सभागृहं, कारखान्यांची कँटीनं, आणि माइकसमोर कामगार, म्हाताऱ्या बायका, नुकतं प्रेमात पडलेले तरुण. सोपे प्रश्न, किरकोळ बक्षीस, आणि मधल्या वेळात त्यांच्या आयुष्याच्या गप्पा. निर्माता बार्नी कोलहन, त्यामुळे 'पैसे देऊन टाक रे, बार्नी' ही हाक घराघरात पोचली. पुढे पत्नी मेबलही सोबत आली. ऐन बहरात सुमारे २ कोटी लोक ऐकायचे आणि कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. ज्या हेलावर विश्वास बसत नव्हता, त्याच हेलात त्याने विचारलं आणि लोक मन मोकळं करत राहिले.

१९७८ मध्ये तो गेला. त्याचं जुनं ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर कृपया लिंक टाका. आणि ज्यांच्या घरी 'पानी' म्हणतात, 'शाया' म्हणतात, त्यांनी खाली आपल्या आजीचा एक शब्द लिहा, जसा ती म्हणायची तसाच.