वाळू, दस्ती आणि बोअरचा कॉम्प्रेसर: सँडब्लास्टिंगच्या फिरत्या मेसेजमध्ये काय चुकतंय

साखर कारखान्यांचा पट्टा पडला आणि ऑफ-सीझनची कामं निघाली की फॅब्रिकेशन आणि पेंटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘सँडब्लास्टिंग करा निम्म्या खर्चात’. सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने नोझलमधून वाळू मारून लोखंडावरचा गंज आणि जुना रंग उतरवणं. मेसेज म्हणतो: वाळू नदीची घ्या, तोंडाला ओली दस्ती बांधा, कॉम्प्रेसर बोअरवाल्याचा आणा, हँडल तारेने बांधून टाका, आज ब्लास्ट करा आणि उद्या निवांत रंग मारा. वाळूजपासून लातूरपर्यंत तो सगळीकडे पोहोचलाय. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘गोदावरीची वाळू वापरा. आपल्याकडचा दगड काळा, त्यात सिलिका नसते.’

हे थोडं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिलिका असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली. फुफ्फुसाला घातक असलेलं मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे मोकळी स्फटिक सिलिका, ताज्या बेसाल्टमध्ये फार थोडं सापडतं. इथपर्यंत ठीक. पण नदीची वाळू म्हणजे नुसता कुटलेला बेसाल्ट नव्हे. या दगडाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी, अकीक, क्वार्ट्झ भरलेलं असतं. नांगरताना फाळाला लागणाऱ्या पांढऱ्या गारा त्यातल्याच. दगडाची झिजून माती होते, गार मात्र टिकते आणि वाळूत जमा होते. नांदेडकडे देगलूर-बिलोली भागात तर बेसाल्टखालचा ग्रॅनाइट वर येतो. तिथली मांजरा नदीची वाळू ‘कडक’ म्हणून मुद्दाम मागवली जाते. ती कडक आहे ती क्वार्ट्झमुळेच.

ही वाळू हातात घेतली तर काही होत नाही, कारण दाणा मोठा असतो. नोझलमधून सुटून प्लेटवर आपटला की त्याचा भुगा होतो, आणि त्यातले काही मायक्रॉनचे कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झचा कण जुन्या धुळीपेक्षा जास्त त्रासदायक असतो. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने फुफ्फुस कडक होण्याचा आजार, व्हायला साधारणपणे दहा-वीस वर्षं लागतात, पण ब्लास्टिंगसारख्या दाट धुळीत तो काही महिन्यांत ते पाच वर्षांतही होतो. झालेला बरा होत नाही, आणि त्यावर क्षयरोग बसण्याची शक्यता वाढते. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळू वापरण्यावर १९४९च्या नियमांनीच बंदी घातली. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यानेही सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला होता.

शिवाय वाळू कामालाही वाईट. तिच्यात माती असते, ओल असते, ती पॉटच्या, म्हणजे वाळू भरायच्या दाबाच्या टाकीच्या, तळाशी गोळा होते. एका फेकीत तिचं पीठ होतं आणि त्या धुरळ्यात गनवाल्याला, म्हणजे नोझल धरणाऱ्याला, आपण काय साफ केलं तेच दिसत नाही. उघड्यावरच्या कामाला कॉपर स्लॅग (तांबं गाळल्यावर उरणारा दाणेदार माल) किंवा गार्नेट (एका कठीण खनिजाचे दाणे) घ्या. स्लॅग घेताना मोकळी सिलिका १ टक्क्याच्या आत असल्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा, ते नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. स्लॅग एकदाच वापरायचा असतो. चाळून पुन्हा भरला तर धूळच जास्त मिळते. बंद खोलीत खालचा माल गोळा करता येत असेल तर स्टील ग्रिट, म्हणजे पोलादाचे टोकदार कण, सगळ्यात परवडतं, कारण ते कितीतरी फेऱ्या चालतं. मोकळ्या शेतात मात्र ते मातीत गेलं की गेलं.

‘तोंडाला ओली दस्ती बांधली की झालं.’

दस्तीच्या विणीतली भोकं या कणांच्या कित्येक पट मोठी असतात, आणि श्वास ओढताना अर्धी हवा नाकाच्या बाजूने येते. ओल्या कापडावर काळा थर दिसतो म्हणून माणसाला वाटतं की धूळ अडली. अडली ती जाड धूळ, जी नाकातच अडकली असती. मेडिकलमध्ये मिळणारा एन-९५ सुद्धा गनवाल्यासाठी पुरेसा नाही.

गनवाल्याला बाहेरून हवा येणारं हेल्मेटच हवं, खांद्यावरून छातीपर्यंत पडणाऱ्या झालरीसह. त्यात मिनिटाला किमान १७० लिटर, म्हणजे ६ सीएफएम (मिनिटाला घनफूट), स्वच्छ हवा जायला हवी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो म्हणून धूळ आत शिरत नाही. तीच हवा कमी पडली की हेल्मेट म्हणजे डोक्यावर घातलेली बादली. आणि ही हवा येते कुठून? बहुतेक वेळा त्याच कॉम्प्रेसरमधून. तो तापला आणि तेल जळायला लागलं, किंवा त्याचं तोंड डिझेल इंजिनाच्या धुराकडे असलं, तर हेल्मेटमध्ये कार्बन मोनॉक्साइड येतो. कोळशाचा फिल्टर तेलाचा वास काढतो, कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. म्हणून कॉम्प्रेसर वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा आणि हवेच्या लाइनवर कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) झाला की वाजणारा अलार्म बसवायचा.

पॉट भरणाऱ्या पोराला सगळे विसरतात. गोणी ओतताना आणि खालचा माल झाडताना तो त्याच धुळीत उभा असतो. त्यालाही चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर द्या. आणि संध्याकाळी कपडे झटकायला हवेचा पाईप कुणीही वापरायचा नाही.

‘बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर लावा. दाब जेवढा जास्त तेवढं काम जास्त.’

मेसेजमधलं हे सगळ्यात धोकादायक वाक्य. बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर २० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) आणि त्याहून वर हवा देतो. साधा फिरता पॉट ८.६ बारला, म्हणजे १२५ पीएसआयला बनवलेला असतो. आकडा त्याच्या पाटीवर कोरलेला असतो, पाटी नसेल तर तो पॉट वापरूच नये. ‘मध्ये बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो’ हे उत्तर नेहमी येतं. अर्धा बंद व्हॉल्व्ह फक्त हवा वाहत असेपर्यंत दाब पाडतो. गनवाल्याने नोझल बंद केलं की काही क्षणांत पुढचा दाब मागच्याइतका होतो, आणि पॉटला पूर्ण २० बार बसतात. गॅसचं जुनं सिलिंडर कापून, त्याला फनेल जोडून बनवलेले पॉटही फिरताना दिसतात. त्यांच्या वेल्डिंगची ना तपासणी झालेली असते, ना पाण्याच्या दाबाची चाचणी.

दुसरा लाडका पर्याय म्हणजे विहीर खोदायचा ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर. त्याचा दाब साधारण बरोबर असतो, पण जॅकहॅमरला वंगण मिळावं म्हणून त्याच्या पाईपातच तेल सोडलेलं असतं. ते तेल प्लेटवर उडतं आणि प्राइमरला, म्हणजे रंगाच्या पहिल्या थराला, डोळ्यांसारखे खळगे पडतात. काम सुरू करण्याआधी ग्रिट (मारायचा माल) बंद ठेवून हवा नोझलसमोर दोन फुटांवर धरलेल्या पांढऱ्या टीपकागदावर एक मिनिट सोडा. डाग किंवा ओल दिसली तर कामाला हात लावू नका.

खरा प्रश्न दाबाचा कमी आणि हवेच्या मापाचा जास्त आहे. नोझलवर ७ बार, म्हणजे १०० पीएसआय मिळायला हवेत. त्याखाली प्रत्येक पीएसआयला साधारण दीड टक्का काम कमी होतं, म्हणजे ८० वर आलात की जवळजवळ तीस टक्के गेलं. १०० पीएसआयला साधारण ६.५ मिमीचं नोझल ८० सीएफएम, ८ मिमीचं १३७ आणि ९.५ मिमीचं १९६ सीएफएम हवा खातं. गॅरेजमधला ५ एचपीचा कॉम्प्रेसर २० सीएफएमच्या आसपास देतो. त्यावर ही नोझल चालवणं म्हणजे चुळा भरून रान भिजवणं.

मेसेजमधल्या ‘नोझल फुटेपर्यंत चालवा’ या सल्ल्याचंही उत्तर याच आकड्यांत आहे. १८५ सीएफएमच्या मशीनवर नवं ८ मिमीचं नोझल हेल्मेटसह छान चालतं. तेच झिजून ९.५ झालं की हवा पुरत नाही, दाब पडतो आणि ग्रिट मात्र जास्त जातं. ९.५ मिमीच्या ड्रिलची मागची बाजू नोझलमध्ये सहज शिरली की नोझल बदला. दाब पॉटच्या घड्याळावर बघू नका. नोझलच्या मागे होसमध्ये सुईचा गेज नोझलच्या दिशेने तिरपा खुपसून बघा, मधल्या होसमध्ये आणि कपलिंगमध्ये किती दाब गेला ते लगेच कळतं. होसचं आतलं माप नोझलच्या तिप्पट-चौपट असावं, ८ मिमीला ३२ मिमीचा होस.

ग्रिटचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून हवा सोडा, मग हळूहळू उघडा. धारेत ग्रिटचा नुसता फिका रंग दिसावा आणि आवाज सलग यावा. ठोके पडायला लागले तर माल जास्त जातोय.

‘आपली हवा कोरडी, मॉइश्चर ट्रॅप कशाला?’

एप्रिलची दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के. ही हवा ७ बारला दाबली की ती आठव्या हिश्श्याच्या जागेत येते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पाणी सुटायला लागतं तो, ४९ अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे सावलीतल्या होसमध्ये ती ४५ अंशांवर आली तरी पाणी सुटणार. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर १८५ सीएफएमचं मशीन तासाला सात लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात आत ओढतं. त्यातलं बरंचसं ट्रॅप नसेल तर पॉटमध्ये उतरतं. दाबलेली हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि पॉटच्या अगदी जवळ पाणी धरणारा ट्रॅप, दोन्ही लागतात. ट्रॅपची तोटी थोडी उघडी ठेवायची.

‘आज ब्लास्ट, उद्या रंग.’

नाही. ब्लास्ट केलेली प्लेट उघडी असते, रात्रीच्या दवाने ती सकाळपर्यंत तपकिरी होते. त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत प्राइमर लागला पाहिजे. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. मधल्या वेळात उघडा हात लावायचा नाही. ग्रीस लागलेला भाग ब्लास्टच्या आधी सॉल्व्हंटने पुसा. ब्लास्टने ग्रीस निघत नाही, ते पसरतं. आणि जुन्या सांगाड्यावरचा शेंदरी प्राइमर आधी तपासून घ्या. खरा शेंदूर म्हणजे शिसं, त्याची धूळ वाळूच्या धुळीहून कमी घातक नाही. साधा रेड ऑक्साइड मात्र लोखंडाचा असतो, दोघांत गल्लत होते.

ट्रॅक्टरचं बोनेट, पाण्याच्या टँकरचा पातळ पत्रा हे पूर्ण दाबाला देऊ नका. पत्रा तापल्यामुळे नव्हे, एका बाजूने ठोकला गेल्यामुळे फुगतो. दाब उतरवा, बारीक ग्रिट घ्या, नोझल लांब आणि तिरपं धरा.

‘हँडल तारेने बांधा, हात दुखत नाही.’

हात सुटला की धार बंद व्हावी, एवढ्यासाठीच डेडमन हँडल असतं. ते बांधलं आणि गनवाला घसरला, तर ७ बारचा पाईप ग्रिट ओकत मोकळा नाचतो. रोज सुरुवातीला हँडल सोडून बघा, धार लगेच थांबली पाहिजे. हवेवर चालणारं हँडल ३० मीटरच्या पुढे ढिलं पडतं, तिथे विजेवर चालणारं लावा. प्रत्येक कपलिंगला पिन आणि वरून साखळीतार हवीच.

‘टाकीच्या आतलं कामही असंच.’

मेसेजने हे एका ओळीत उरकलंय. मळीच्या टाकीत तळाला उरलेली मळी आंबते, तिचा कार्बन डायऑक्साइड जड असतो आणि खालीच बसतो. आधी टाकी धुवा, पंख्याने हवा खेळवा, तळाशी, मध्ये आणि वर ऑक्सिजन मोजा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. इथेनॉलच्या टाकीत वाफेचीही चाचणी लागते, आणि होस स्थिर वीज वाहून नेणारा, अर्थिंग केलेला. आतले दिवे २४ व्होल्टचे. मॅनहोलवर एक माणूस पूर्ण वेळ उभा हवा, त्याच्या हातात पॉटची हवा तोडायचा व्हॉल्व्ह आणि आतल्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी. आतला पडला तर त्याने स्वतः आत उतरायचं नाही. पॉटची हवा तोडायची, दोरी ओढायची आणि ओरडायचं.