म्हणे सर्व्हरवर पुन्हा तपासायची गरज नाही!

‘बॅकएंडचे दिवस संपले. फक्त जावास्क्रिप्ट शिका. पीएचपी मेली. फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्येच उरका, सर्व्हरवर पुन्हा करणं म्हणजे वेळ वाया. नव्वद दिवसांत फुलस्टॅक!’ हा फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. (बॅकएंड म्हणजे वेबसाइटचा सर्व्हरवर चालणारा भाग, जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, पीएचपी सर्व्हरवरची, आणि फुलस्टॅक म्हणजे दोन्ही बाजू सांभाळणारा.) डिप्लोमाला असलेल्या माझ्या भाचीने तो वाचून प्रोजेक्टमधली सर्व्हरवरची तपासणी काढूनच टाकली. नाहीतर मी याच्या वाटेला गेलो नसतो.

सगळ्यात घातक आहे तो तपासणीचा सल्ला. अहो, ब्राउझर समोरच्याच्या हातात असतो! भाचीच्या प्रोजेक्टमधल्या ऑनलाइन दुकानात किंमत फॉर्ममधल्या लपवलेल्या फील्डमधून जात होती. एफ-१२ दाबून पानाचा कोड उघडला, ४९९ चा १ केला, ऑर्डर पाठवली. सर्व्हरने ती एक रुपयाला मुकाट घेतली. ब्राउझरही लागत नाही खरं तर. टर्मिनलमधून कर्ल या कमांडची एक ओळ थेट सर्व्हरवर धडकते, तिथे तुमच्या जावास्क्रिप्टला कोण विचारतो? ब्राउझरमधली तपासणी ‘मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे’ हे लगेच सांगायला. सोय म्हणून ठीक, राखण म्हणून शून्य. ॲडमिनचं बटण लपवलं म्हणून ॲडमिनचं पान बंद होत नाही.

माझ्यावर विश्वास नको. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पची २०२१ ची टॉप टेन यादी वाचा. कोणाला काय करू द्यायचं यावरचं ढिसाळ नियंत्रण पाचव्यावरून थेट पहिल्या क्रमांकावर गेलंय. उपाय म्हणून स्वच्छ लिहिलंय की हे नियंत्रण सर्व्हरच्या बाजूला, हल्लेखोराला बदलता येणार नाही अशाच कोडमध्ये टिकतं. ‘फायरबेस घेतलं की सुटलो’ म्हणणाऱ्यांनो, गूगलच्या या तयार बॅकएंड सेवेचे सिक्युरिटी रूल्सही, म्हणजे कोणाला कोणता डेटा द्यायचा याचे नियम, गूगलच्या सर्व्हरवरच चालतात.

जावास्क्रिप्ट या एकाच भाषेत भागतं, हे मात्र मान्य करावं लागतं. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड २००९ मध्ये आलं, तेव्हापासून सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट सर्रास चालते. पण भाषा एक असली तरी जागा दोनच. ब्राउझरमधलं ‘डॉक्युमेंट’ (जावास्क्रिप्टच्या हाती समोरचं पान देणारं) नोडमध्ये वापरून बघा, ते सापडतच नाही म्हणून एरर येते. उलट डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरकडे गेला की तो जगजाहीर झाला.

पीएचपी मेली? मग विकिपीडिया काय भुतं चालवतात? ज्यावर तो चालतो ते मीडियाविकी पीएचपीतच आहे, वर्डप्रेसही.

नव्वद दिवसांबद्दल काय बोलायचं! फॉरवर्डच्या तळाशी क्लासचा फोन नंबर आहे.