गव्हर्नर आल्टगेल्ड आणि २६ जून १८९३

दरवर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिनाबरोबर कामगार दिनाच्याही शुभेच्छा येतात आणि त्यांत शिकागोच्या हुतात्म्यांचे स्मरण असते. त्या हुतात्म्यांवरचा खटला अन्याय्य होता हे सरकारी कागदावर लिहून ठेवणाऱ्या माणसाचे नाव मात्र त्यांत मला कधी दिसले नाही. ते जॉन पीटर आल्टगेल्ड, इलिनॉय राज्याचे गव्हर्नर.

१८४७ साली जर्मनीत जन्मलेले आल्टगेल्ड तान्हे असतानाच आईवडिलांबरोबर ओहायोत आले. कोवळ्या वयातली शिपाईगिरी, मास्तरकी, मिझुरीतली वकिली असे करत १८७५ मध्ये ते शिकागोला पोहोचले, जमिनीच्या व्यवहारात श्रीमंत झाले, न्यायाधीश झाले आणि १८९२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. अशी कर्तबगारी अमेरिकेत पुष्कळांनी दाखवली. तुरुंग आणि शिक्षापद्धती गरिबालाच कशी भरडते यावर १८८४ मध्ये पुस्तक लिहिणारे श्रीमंत वकील मात्र तिथेही थोडेच असावेत.

४ मे १८८६ च्या रात्री शिकागोच्या हेमार्केट चौकातल्या कामगारांच्या सभेत पोलिसांवर बाँब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी आठ अराजकवादी कामगार कार्यकर्ते दोषी ठरले. चौघांना फाशी झाली, एकाने कोठडीतच जीव दिला, आणि फील्डन, श्वाब व नीबी हे तिघे तुरुंगात राहिले. या सगळ्या काळात आल्टगेल्ड जाहीरपणे गप्पच होते, हेही नोंदवले पाहिजे.

गव्हर्नर झाल्यावर त्यांना सोपी वाट उपलब्ध होती. तिघांना पुरेशी शिक्षा झाली, आता दया दाखवतो, एवढे लिहून सही केली असती तर शिकागोतल्या अनेक प्रतिष्ठितांनीही मान डोलावली असती. त्यांनी खटल्याचे कागद वाचायला घेतले. ज्यूरीची नावे चिठ्ठ्या टाकून काढण्याऐवजी एका खास बेलिफाने, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने, हवी ती माणसे बोलावून आणली होती. मृत पोलिसाच्या नातलगालाही न्यायाधीश गॅरी यांनी अपात्र ठरवले नव्हते. २६ जून १८९३ च्या आदेशात आल्टगेल्ड यांनी हे सारे तपशीलवार मांडले आणि तिघांना सोडले. दयेचा अर्ज होता, उत्तर न्यायाचे मिळाले, आणि लोकांना झोंबले ते नेमके हेच. वर्तमानपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरवले, गॅरींवर जुना राग काढला असाही आरोप झाला. तो राग थोडाफार असेलही, पण त्याने ज्यूरीची निवड शुद्ध होत नाही.

त्याच वर्षी त्यांनी कारखाना कायदा आणून फ्लॉरेन्स केली यांना मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. त्यातले स्त्रियांसाठीचे आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. १८९४ च्या पुलमन या रेल्वेडबे कंपनीतून सुरू झालेल्या संपात अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी राज्याला न विचारता केंद्राचे सैन्य शिकागोत उतरवले, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षांविरुद्ध त्यांनी उघड निषेध नोंदवला. १८९६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ते हरले, आणि ज्या सोळा मजली युनिटी इमारतीत त्यांचे सर्वस्व गुंतले होते, तीही हातची गेली. अखेरची वर्षे त्यांनी क्लॅरेन्स डॅरो यांच्या वकिली कचेरीत काढली.

मार्च १९०२ मध्ये जोलिएट इथे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअरांच्या बाजूने भाषण करून ते थांबले आणि तिथेच कोसळले. दुसऱ्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला डॅरो आणि समाजसुधारक जेन ॲडम्स बोलले.