तेरेखोलच्या सात खोल्या आणि व्हाइसरॉयची झोप

गोव्यातल्या तेरेखोलच्या किल्ल्याविषयीचा एक निरोप बरेच दिवस मोबाइलवरून फिरत आहे. परवा तो आमच्या आत्यांमार्फत भाचीच्या प्रकल्पवहीत उतरला, सात पलंगांच्या चित्रासह, तेव्हा गप्प बसवेना. निरोप म्हणतो की किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, व्हाइसरॉय रोज वेगळ्या खोलीत निजत असल्यामुळे खोल्यांना वारांची नावे पडली, 1825 मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा यांनी तेथे बंड केले आणि 1961 पूर्वी तेथे तिरंगा कधीच फडकला नाही.

किल्ला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांनी सतराव्या शतकात उभारला. पोर्तुगीजांनी तो 1746 मध्ये त्यांच्याकडूनच जिंकून घेतला, आणि तोही ज्या व्हाइसरॉयने घेतला त्याला त्याच वर्षी हळर्णचा किल्ला काबीज केल्याबद्दल पुढे 'मार्किश द आलोर्ना' हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे आपले पेडण्यातले हळर्ण. स्वतः बांधलेला किल्ला कोणी लढून घेतो काय? पोर्तुगीजांनी 1764 मध्ये त्याची पुनर्बांधणी केली आणि आतले चर्चही त्यांचेच, एवढे मान्य करावे लागते.

सर्वांत हास्यास्पद आहे ती खोल्यांची कथा. किल्ल्याचे हॉटेल झाल्यावर तेथील सात खोल्यांना वारांची नावे दिली गेली, आणि तीही मंडे, ट्यूसडे अशी इंग्रजीत. पोर्तुगीज भाषेत सोमवारला 'सेगुंदा-फैरा', म्हणजे दुसरा वार, म्हणतात आणि शुक्रवारपर्यंत अशीच मोजदाद चालते. तेव्हा व्हाइसरॉयने पाट्या लावल्या असत्या, तर त्यांवर 'फ्रायडे' नव्हे, 'सहावा' असे काहीतरी आले असते. नदीच्या मुखावर, राजधानीपासून इतक्या दूर, सरहद्दीच्या ठाण्यात तो दर आठवडा कशासाठी काढील, हा साधा प्रश्नही निरोप पुढे ढकलणाऱ्या कोणाला पडू नये, याचे नवल वाटते.

1825 हे साल चुकीचे आहे. गोव्याचा कारभार हाती आलेले पहिले गोमंतकीय असलेले द सिल्व्हा 1835 च्या जानेवारीत पदावर आले आणि सतराच दिवसांत त्यांना हुसकावण्यात आले. त्यानंतरच्या धुमाळीत तेरेखोलात रक्त सांडले हे खरे, परंतु दहा वर्षे आधी नव्हे.

तिरंग्याविषयी एवढेच, की 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तो याच किल्ल्यावर फडकवला होता.

भाचीने 'व्हाइसरॉयचे शयनगृह' खोडून 'हॉटेल' लिहिले आहे; पलंग मात्र तसेच ठेवले आहेत.