आत्याच्या गोळ्या आणि 'निवड तुमची'

गेल्या आठवड्यात मिरजेला आत्याकडे गेलो होतो. मधुमेहाच्या गोळ्यांचं सहज विचारलं तर ती गप्प. मग पिठाच्या डब्यामागून पाकीट काढलं. बारा दिवसांत एक गोळी गेलेली. कारण काय, तर प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज: 'देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली. आज्ञा पाळायची की मोडायची, निवड तुमची. आजार हे मोडलेल्या आज्ञेचं फळ. पाप कबूल करा, औषध सोडा.' तोच मेसेज मलाही तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच लिहितो.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही, आईबापांनीही नाही. आता 'निवड तुमची' म्हणणाऱ्याने सांगावं, आईच्या पोटात असताना त्या पोराने कोणती आज्ञा मोडली? पुढे वाचा. येशू त्याच्याकडून पापाची कबुली घेत नाही. थुंकीने चिखल करून डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोहाच्या तळ्यात धू. तो जातो, धुतो, पाहू लागतो. आज्ञापालन एवढंच. 'तू सर्वस्वी पापात जन्मलास' हे वाक्यही त्याच अध्यायात आहे, पण ते येशूचं नाही. त्या माणसाला हाकलून देणाऱ्या परूश्यांचं, म्हणजे येशूला विरोध करणाऱ्या कर्मठ धर्मपंथीयांचं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी त्यांची बाजू उचललीय.

मेसेजमध्ये पुढे 'वाडवडिलांचं पाप उतरतं' असंही आहे आणि त्याला बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायाचा आधार दिलाय. मग यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय का गाळला? बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असं तिथे देव स्वतः सांगतो. आत्याने रात्रभर आजोबांचं काय चुकलं ते आठवत काढली, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

औषध म्हणजे अविश्वास? येशूचा प्रेषित पौल, त्याचा सोबती लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौलच लिहितो. आणि हे मिरजेत सांगावं लागावं! १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशनचा दवाखाना काढला, तो काय अविश्वास पसरवायला?

एक मान्य करतो, नाइलाजाने. बेथेस्थाच्या तळ्याकाठी बऱ्या केलेल्या माणसाला येशू म्हणतो, पुन्हा पाप करू नको, नाहीतर याहून वाईट होईल. करिंथच्या मंडळीतले आजार पौलही त्यांच्या वागण्याशी जोडतो. तंबाखू खाऊन तोंड सडलं तर देवाला दोष देता येत नाही, हेही खरं. पण म्हणून समोरच्याचा रिपोर्ट पाहून त्याचं पाप ओळखण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. बायबलातला ईयोब नीतिमान असूनही आजारी पडला, तेव्हा त्याच्या मित्रांनी तोच उद्योग केला आणि शेवटी देव त्यांच्यावरच भडकला.

इच्छास्वातंत्र्याचं म्हणाल, तर माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो असं पेलागियस नावाचा जुना ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता. बिशप ऑगस्टीनने त्याच्याशी वाद घातला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने ती शिकवण नाकारली. आणि मेसेजची शेवटची ओळ: 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद अडेल.' छान स्वतंत्र इच्छा!

आत्याला हा मेसेज ज्यांनी पाठवला, त्या ताईंचं मागच्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी कोणतं पाप कबूल केलं होतं, एवढंच त्यांना फोनवर विचारणार होतो. आत्याने फोन काढून घेतला. मग जेवायला बसली आणि पाकीट ताटाशेजारी ठेवलं.