व्हायरसपासून जग वाचवण्याचे खात्रीशीर उपाय

पहाटे साडेपाचला फोन वाजला की समजावं, नात्यातल्या कुणीतरी जग वाचवलं. परवा आमच्या काकांनी वाचवलं. 'मार्टिनेली नावाचा व्हिडिओ उद्या येणार आहे, उघडताच फोन हॅक होतो, सर्वांना कळवा!!' तुम्हालाही ही समाजसेवा करायची असेल, तर पुढील पथ्ये पाळा.

तारीख बघू नका. हा 'उद्या' 2017 पासून उजाडतोय. स्पेनच्या पोलिसांनी तेव्हाच ही थाप असल्याचं सांगितलं होतं, पण ते काय, परके.

ईमेल करताना सगळे पत्ते 'टू'मध्येच टाका. दोनशे अनोळखी लोकांना तुमच्या मेहुण्यांचा पत्ता मिळायलाच हवा.

सांगितलेली फाईल ताबडतोब पुसा. 2002 मध्ये अशीच मेल फिरली होती: अस्वलाच्या चित्राची फाईल सापडली तर तो व्हायरस, उडवा! लोकांनी शोधली, सापडली, उडवली. सापडणारच होती, ती विंडोजचीच होती. व्हायरस लिहायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. मोडतोड आपण केली, प्रसारही आपणच केला, वर पुण्य लागलं!

अटॅचमेंट मात्र बिनधास्त उघडा. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' विषयाची मेल आली, सोबत प्रेमपत्र. नावात टीएक्सटी दिसायचं, म्हणजे साधा मजकूर वाटायचा; त्यापुढचं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्रॅम, हे विंडोज लपवायचं. उघडलं की तेच पत्र ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना, साहेबांसकट.

आता प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली आहे. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाईल. लग्न कुणाचं, विचारू नका. पत्रिका इन्स्टॉल का करावी लागते, तिला तुमचे एसएमएस कशाला वाचायचेत, मुळीच विचारू नका. द्या परवानगी. ओटीपी वाचता आल्याशिवाय वऱ्हाड जेवणार कसं?

काकांनी दिली. सकाळी मार्टिनेली, संध्याकाळी त्यांच्याच नंबरवरून आम्हा सगळ्यांना तीच पत्रिका!

अहो काका, पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते हो, ॲप नसते! ती पाठवणाऱ्याला एक फोन करून विचारायला काय झालं होतं? नसलेल्या व्हिडिओसाठी पहाटे अख्खं घर उठवता, आणि खरा चोर आल्यावर 'चुकून दाबलं गेलं' म्हणून दोन दिवस गप्प बसता? नेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगायचं, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावायचा, तेही लगेच. आणि 'सर्वांना कळवा' लिहिलेलं यापुढे कुणालाही कळवू नका. मला तर नकोच.