येणारा कॉल ट्रंकवरून ओळखता येतो, हा समज चुकीचा का आहे

कार्यालयातील फोन यंत्रणा बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. त्याचा आशय असा: कार्यालयाचे जितके क्रमांक तितके स्वतंत्र ट्रंक (फोन कंपनीशी जोडणारे मार्ग) पीबीएक्सवर (कार्यालयातील कॉल वाटणाऱ्या यंत्रणेवर) तयार करावेत, प्रत्येकाला वेगळा कॉन्टेक्स्ट (त्या मार्गाने आलेल्या कॉलसाठीचा नियमसंच) द्यावा, आणि कॉल कोणत्या ट्रंकवरून आला यावरून तो विक्री विभागाकडे जायचा की तक्रार विभागाकडे, हे ठरवावे, डीआयडीचा (बाहेरून डायल केलेल्या क्रमांकाचा) रकाना भरून कॉल जुळला नाही तर दोष सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा मानावा, काही निसटू नये म्हणून सर्व कॉल घेणारा एक रिकामा रूट (क्रमांक न लिहिलेला, कॉल वाटण्याचा नियम) ठेवावा, आणि एवढी कटकट नको असेल तर एकाच क्रमांकापुढे आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’ असे सांगणारा ध्वनिमुद्रित मेनू) लावावा. लहान कार्यालयात हे काही काळ चालून जाते, म्हणूनच ते पसरते.

पहिले विधान मुळातच डळमळीत आहे. डायल केलेला क्रमांक कॉलच्या सिग्नलिंगमध्येच, म्हणजे कॉल जोडणाऱ्या संदेशांतच, असतो. आयएसडीएन पीआरआयमध्ये (एकाच वेळी अनेक कॉल वाहणाऱ्या डिजिटल जोडणीत) तो सेटअप संदेशातील कॉल्ड पार्टी नंबर या घटकात येतो, तर एसआयपीमध्ये (इंटरनेटच्या मार्गाने कॉल जोडण्याच्या पद्धतीत) इन्व्हाइट या विनंतीत येतो. ट्रंक हा केवळ येण्याचा रस्ता आहे. शिवाय, एकाच कंपनीकडून घेतलेले तीन ट्रंक बहुधा एकाच आयपी पत्त्यावरून कॉल पाठवतात. ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या पीजेएसआयपी या एसआयपी हाताळणाऱ्या भागात येणारा कॉल आयपीवरून ओळखण्याची व्यवस्था केली असेल, तर तिन्ही क्रमांकांचे कॉल एकाच एंडपॉइंटच्या (ट्रंकच्या नोंदीच्या) नावावर जमा होतात, आणि बाकीचे दोन कॉन्टेक्स्ट नुसते लिहिलेले राहतात. नोंदणीगणिक, म्हणजे पीबीएक्सने कंपनीकडे केलेल्या प्रत्येक लॉगिनगणिक, कॉल वेगळा ओळखण्यासाठी ‘लाइन’ नावाचा पर्याय तेथे आहे, हे खरे. पण क्रमांक हातात असताना तो आडवाटेने शोधण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतोच.

प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र ट्रंक लागतो, या समजुतीमागे क्रमांक आणि चॅनेल यांची गल्लत आहे. ई१ पद्धतीच्या एका पीआरआयवर आवाजासाठी ३० चॅनेल असतात, आणि त्यावर १०० क्रमांकांचा गट सहज चालतो, कारण एका वेळी किती संभाषणे होऊ शकतील एवढेच चॅनेल ठरवते. सहा चॅनेल तीन ट्रंकांत दोन-दोन असे वाटले, तर विक्रीचा तिसरा ग्राहक व्यग्र स्वर ऐकतो आणि त्याच क्षणी शेजारचे चार चॅनेल रिकामे असतात.

कॉल जुळत नाही म्हणजे कंपनीचा दोष, हे विधान मात्र सविस्तर तपासावे लागते, कारण डीआयडीवरून कॉल वाटण्याचा नाद बहुतेक जण येथेच सोडतात. व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक आणि पीबीएक्सपर्यंत पोहोचणारे अंक एकसारखेच असतील, याची कोणतीही हमी नसते. काही कंपन्या अधिक चिन्हासह पूर्ण आंतरराष्ट्रीय रूप पाठवतात, काही ते चिन्ह वगळतात, काही सुरुवातीला शून्य लावतात, तर पीआरआयवर अनेकदा शेवटचे तीन-चार अंकच येतात. रूटमध्ये एका रूपातील क्रमांक आणि कॉलमध्ये दुसऱ्या रूपातील असेल, तर यंत्रणा तो जुळवत नाही, आणि ते योग्यच आहे.

एसआयपीमध्ये आणखी एक खोच आहे. इन्व्हाइटच्या पहिल्या ओळीत रिक्वेस्ट यूआरआय (कॉल ज्या पत्त्यावर द्यायचा तो) असतो आणि खाली ‘टू’ हेडर (मुळात कोणाला कॉल केला ते सांगणारी ओळ) असतो. ॲस्टरिस्क साधारणपणे पहिल्या ओळीवरून एक्स्टेंशन (रूटशी जुळवायचा क्रमांक) ठरवते. ट्रंक नोंदणीवर चालत असेल, तर कंपनी नोंदवलेल्या कॉन्टॅक्ट पत्त्यावर कॉल पाठवू शकते. अशा वेळी पहिल्या ओळीत कंपनीकडील नोंदणी-खात्याचे नाव येते आणि डायल केलेला क्रमांक ‘टू’ हेडरमध्ये राहतो. ॲस्टरिस्क चालवण्यासाठीच्या फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरमधील ‘फ्रॉम-पीएसटीएन-टूहेडर’ हा कॉन्टेक्स्ट याचसाठी आहे. परंतु तो सरसकट लावू नये, कारण वाटेत फॉरवर्ड झालेल्या कॉलमध्ये ‘टू’ हेडरमध्ये मूळ क्रमांक तसाच राहिलेला असू शकतो.

म्हणून ॲस्टरिस्कला एसआयपी संदेश पडद्यावर दाखवणारी ‘पीजेएसआयपी सेट लॉगर ऑन’ ही आज्ञा देऊन बाहेरच्या फोनवरून एक कॉल करावा आणि इन्व्हाइट डोळ्यांनी वाचावा. त्यानंतर प्रवेशाच्या टप्प्यावरच सर्व क्रमांक एका ठरावीक रूपात आणावेत, म्हणजे पुढचे सगळे रूट त्याच रूपात लिहिता येतात. शेवटचे चारच अंक जुळवण्याचा मोह होतो; पण दोन वेगळ्या गटांतील क्रमांकांचे शेवट सारखे निघाले की तो अंगाशी येतो. कधीकधी कंपनी खरोखरच प्रत्येक कॉलवर मुख्य क्रमांकच पाठवत असते, आणि तेव्हा तक्रार रास्त ठरते. मात्र ती इन्व्हाइट सोबत जोडून करावी.

रिकामा रूट सुरक्षित असतो, हे अर्धसत्य आहे. नेमका डीआयडी लिहिलेला रूट रिकाम्या रूटच्या आधी लागू होतो, त्यामुळे शेवटचा आधार म्हणून तो ठेवायला हरकत नाही. परंतु तो चुका झाकतो: नवा क्रमांक रूटमध्ये लिहायचा राहिला, तर त्याचे कॉल मुकाट्याने स्वागतकक्षात जात राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातच अनोळखी एसआयपी कॉल स्वीकारण्याची मुभा चालू असेल, तर इंटरनेटवर पीबीएक्स हुडकत फिरणाऱ्यांचे कॉलही त्याच दारातून आत येतात. फायरवॉलमध्ये फक्त कंपनीचे पत्ते मोकळे ठेवावेत, आणि येणाऱ्या कॉलच्या कॉन्टेक्स्टमध्ये बाहेर कॉल करण्याचे नियम कधीही समाविष्ट करू नयेत. तसे झाल्यास कॉल दुसऱ्याचे आणि बिल आपले.

आयव्हीआरबद्दल थोडक्यात. तक्रारीचा क्रमांक डायल करणाऱ्याने आपले काम आधीच सांगितलेले असते. त्याला पुन्हा ‘तक्रारीसाठी दोन दाबा’ म्हणणे उद्धटपणाचे आहे, आणि फॅक्स यंत्राला तर ते ऐकूच येत नाही. एकच व्यक्ती दोन विभागांचे कॉल घेत असेल, तर रूटमध्ये कॉलरच्या नावापुढे विभागाची खूण लावता येते, म्हणजे फोन उचलण्यापूर्वीच पडद्यावर कळते.

मूळ सल्ला सर्वांत वाईट रीतीने फसतो तो मुख्य ट्रंक बंद पडल्यावर. कंपनी कॉल पर्यायी मार्गाने पाठवते, सगळे क्रमांक एकाच ट्रंकवर येतात, आणि ट्रंकवरून विभाग ठरवणाऱ्या यंत्रणेत सर्वांचे कॉल एकाच टेबलावरच्या फोनवर वाजतात. क्रमांकावर आधारलेली मांडणी येथे टिकते. फक्त पर्यायी मार्गावरून अंक त्याच रूपात येतात का, हे मुख्य ट्रंक मुद्दाम बंद करून प्रत्येक क्रमांकावर एकेक कॉल लावून तपासून घ्यावे.